जात्रेच्या मागावर: चितपूर, नंदकुमार, गोसाबा

‘जात्रा’ म्हटलं की आपल्याला पाळणे, गोडीशेव आणि देवळामागची गर्दी आठवते. बंगालमध्ये जात्रा म्हणजे नाटक. शब्द आपलाच, ‘यात्रा’. बंगाली उच्चारात ‘य’चा ‘ज’ झाला इतकंच. देवाच्या मिरवणुकीबरोबर चालणारं गाणं-नाचणं पुढे एका जागी बसून होऊ लागलं, तरी नाव बदललं नाही. कोकणात जत्रेच्या रात्री दशावतार होतो, त्यामुळे हे नातं तिकडच्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

हा पाच दिवसांचा मार्ग जानेवारीतला आहे. जात्रेचा हंगाम दुर्गापूजेच्या षष्ठीला सुरू होतो आणि ज्येष्ठात पावसाच्या तोंडावर संपतो. पण फेब्रुवारीत दहावीची ‘माध्यमिक’ परीक्षा असते आणि तिच्या आधीपासून भोंग्यांवर बंदी येते. चैत्र-वैशाखात ‘कालबैशाखी’ची वादळं मांडव उचलून नेतात. जानेवारीत हवा कोरडी असते, भात घरात आलेला असतो आणि सुंदरबनात बोनबिबीची, म्हणजे जंगलाच्या देवीची, पूजाही याच महिन्यात येते. पाच दिवसांत हे सगळं नीट जुळवायचं तर हाच महिना धरावा.

पहिला दिवस: चितपूर

कोलकात्याच्या मेट्रोने शोभाबाजार-सुतानुटी स्थानकावर उतरून पश्चिमेला, गंगेच्या दिशेने चालू लागलं की रवींद्र सरणी लागते. हाच जुना चितपूर रोड. इथल्या जात्रापाड्यात दुकानवजा खोल्यांवर ‘अमुक अपेरा’, ‘तमुक नाट्य कंपनी’ अशा पाट्या दिसतात. ‘अपेरा’ हे इंग्रजी अमलातलं हौशी नाव. त्याचा युरोपातल्या ऑपेराशी काही संबंध नाही. या खोलीला ‘गदी’ म्हणतात. पूर्वी खाली गादी आणि पांढरी चादर असायची, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत. भिंतींवर मात्र आजही पोस्टरच पोस्टर: मध्यभागी नायिकेचा रडका चेहरा, कोपऱ्यात डोळे वटारलेला खलनायक, आणि भडक लाल-पिवळ्या अक्षरांत पालाचं नाव. पाला म्हणजे नाटक, आणि ते लिहिणारा तो पालाकार.

गदीवर नाटक दिसत नाही, पण नाटक कसं जगतं ते इथेच कळतं. गावाकडून खेळ ठरवायला येणाऱ्या मंडळींना ‘नायेक’ म्हणतात. कधी ती पूजा समिती असते, कधी क्लब, कधी बाजारातले चार व्यापारी. ते ‘बायना’ देतात, म्हणजे आपल्याकडची सुपारी. छापील करारावर तारीख, गाव आणि पाला लिहिला जातो, आणि उरलेली रक्कम खेळ सुरू होण्याआधी हातात पडेल असं ठरतं. व्यवस्थापक पैशांच्याही आधी रस्त्याची चौकशी करतो. बस मैदानापर्यंत येते का? वाटेत नदी आहे का? वीज कुठून घेणार, जनरेटर किती दूर राहणार? मैदान टिनाच्या पत्र्यांनी घेरून तिकीट लावणार की खेळ फुकट?

खरं कौशल्य त्या व्यवस्थापकाच्या डायरीत असतं. लागोपाठच्या दोन रात्री एकाच वाटेवरच्या हव्यात. आज कूचबिहार आणि उद्या काकद्वीप असं झालं तर मधलं अंतर सातशे किलोमीटरहून जास्त. चाळीस माणसं आणि सामानाच्या पेट्या घेऊन तिथे वेळेवर पोचणं शक्यच नाही. म्हणून एका भागातली तारीख आली की तो त्याच भागातल्या दुसऱ्या नायेकांना फोन लावतो आणि मधली रात्र भरण्यासाठी दर खाली आणतो. रिकामी रात्र सगळ्यात महाग पडते, कारण पगार आणि जेवण त्या रात्रीही चालूच असतं.

नारायणगावला फडांच्या राहुट्या पाहिलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. त्याहून जवळचा दाखला झाडीपट्टीचा: वडसा-देसाईगंजला नाट्यमंडळांची कार्यालयं, भाऊबीजेपासून सुरू होणारा हंगाम, गावोगावच्या समित्यांची ये-जा. फरक एवढाच की झाडीपट्टीचं नाटक पडद्याच्या रंगमंचावर होतं आणि जात्रा उघड्यावर.

चितपूरला आल्यावर थोडा इतिहासही पाहावा. बारिशालच्या मुकुंद दासांनी (1878–1934) स्वदेशीच्या काळात जात्रा राजकारणात आणली आणि त्यासाठी तुरुंग भोगला. 1960 च्या आसपासपर्यंत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. त्या पिढीतले चपल भादुरी ‘चपलरानी’ म्हणून गाजले. पुढे स्त्रिया आल्या आणि त्यांच्यासारख्यांचं काम संपलं. 1960 च्या दशकाअखेरीस उत्पल दत्त जात्रेसाठी लिहू आणि बसवू लागले. तरुण अपेराच्या शांतिगोपाल यांनी हिटलर आणि लेनिन उभे केले, आणि खेड्यातल्या प्रेक्षकाने ते पौराणिक राजांइतक्याच सहजपणे घेतले. मग दूरदर्शन आणि मालिका आल्या. आज पोस्टरवरचं सगळ्यात मोठं नाव अनेकदा मालिकेतल्या चेहऱ्याचं असतं आणि बायनाचा मोठा भाग त्या एका नावावर जातो. ती कसर भरून काढायला वादक कमी केले जातात. ही गोष्ट लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी निघावं.

दुसरा दिवस: नंदकुमार आणि रात्रीचा खेळ

हावड्याहून खरगपूरच्या दिशेची लोकल पकडून मेचेदा, तिथून बसने नंदकुमार. एस्प्लनेडहून दिघ्याला जाणारी बसही कोलाघाटमार्गे इथूनच जाते. पूर्व मेदिनीपूरमधलं नंदकुमार आणि पश्चिम मेदिनीपूरमधलं बेलदा यांना लोक ‘छोटं चितपूर’ म्हणतात. इथेही गद्या आणि दलं, म्हणजे नाटकमंडळ्या, आहेत, पण दर चितपूरपेक्षा कमी. ज्या गावाला कोलकात्याचं मोठं दल परवडत नाही, त्याची जात्रा इथून जाते. खेड्यांतली जात्रा आज बरीचशी या जिल्ह्यांतल्या दलांनीच धरून ठेवली आहे.

खेळ रात्री आठ-नऊला असला तरी मैदानावर दुपारी दोनलाच पोचावं. ‘आशर’ उभा राहताना पाहणं हे खेळ पाहण्याइतकंच मोलाचं आहे. आशर म्हणजे मधला मंच आणि त्याभोवतीची बैठक, दोन्ही मिळून. मंच साधारण वीस फूट लांब-रुंद आणि अडीच-तीन फूट उंच असतो. दोन बाजूंना त्याच्यापेक्षा हातभर खाली वादकांच्या बैठका. मागून ‘साजघर’पर्यंत, म्हणजे रंगपटापर्यंत, तीसेक फुटांची चालवाट, तीही मंचाच्याच उंचीची. पूर्वी प्रेक्षक चारही बाजूंना बसत, आता मागची बाजू बहुधा दिवे आणि पडद्याने बंद केलेली असते.

लहान गावात मंच भाड्याच्या फळ्यांचा नसतो. घरोघरचे लाकडी तक्तपोश, म्हणजे पलंगच, आणून एकाला एक जोडतात. घोळ इथेच होतो. प्रत्येक घरच्या पलंगाची उंची वेगळी, म्हणून पायांखाली विटा सरकवाव्या लागतात. दोन पलंगांत बोटभर फट राहिली तर तलवारबाजीत टाच अडकते. म्हणून पाय एकमेकांना काथ्याने बांधायचे, फटींवर पट्ट्या ठोकायच्या, वर जाड सतरंजी चारी कडांना खिळ्यांनी ताणायची, आणि मग दलातला एखादा नाचणारा पोरगा त्यावर कोपऱ्याकोपऱ्यात उड्या मारून बघतो. कुठे आवाज पोकळ आला की तिथे आणखी एक वीट. सतरंजी सैल राहिली तर पायघोळ साडी नेसलेली नटी पहिल्याच प्रवेशात घसरते. चालवाट चार फुटांहून अरुंद असली की एक जण येताना आणि दुसरा जाताना खांदे घासतात. नायेकांना हे करारातच सांगितलेलं असतं, तरी दर दुसऱ्या गावात ती अरुंदच निघते.

माइक हा दुसरा घोर. मंचावर आडव्या बांबूंना तीन-चार माइक टांगतात, काही कडेला खाली ठेवतात. नाट्यगृहात भोंगे माइकच्या पुढे ठेवले की शिट्टी वाजत नाही. इथे प्रेक्षक तीन बाजूंना, त्यामुळे कोणता तरी भोंगा कुठल्या तरी माइककडे तोंड करून असणारच. आवाज वाढवला की शिट्टी, म्हणून ध्वनिवाला तो बेतानेच ठेवतो आणि उरलेलं काम नटाच्या गळ्याने करायचं. जात्रेतला अभिनय आरडाओरड्याचा असतो, असं शहरातली माणसं नाक मुरडून म्हणतात. ते कानांनी ऐकतात, मैदान पाहत नाहीत. शेवटच्या रांगेतली म्हातारी शंभर-सव्वाशे फुटांवर बसलेली असते. नट दर दोन-तीन वाक्यांनी दिशा बदलतो, मंच कर्णरेषेत ओलांडतो, आणि महत्त्वाचं वाक्य तीनही बाजूंना वाटून देतो. निघताना मंचाच्या टोकाला थांबून, वळून, शेवटची फेक करतो. टाळी तिथेच पडते.

साजघरात संध्याकाळी पाचपासून हालचाल सुरू होते. पत्र्याच्या पेट्या अंकांच्या क्रमाने लावलेल्या असतात, कारण दुसऱ्या अंकाचा पोशाख पहिल्याच्या खाली सापडला की प्रवेश चुकतो. रंगायची रांग वयाप्रमाणे लागत नाही, जो आधी मंचावर जाणार तो आधी बसतो. जुनी सामग्री होती ती सफेदा, पिवडी, शेंदूर आणि काजळी. आता तयार ट्यूब आल्या आहेत. दाढी-मिशा डिंकाने चिकटवतात. चेहऱ्याला तेलकट रंग आधी लागला तर डिंक धरत नाही, म्हणून मिशीची जागा कोरडी सोडून रंगवायचं, मग डिंक, मग केस, आणि पाच मिनिटं तोंड बंद. या शेवटच्या अटीपायीच मिश्या गळतात.

खेळाच्या आधी घंटा. मग ‘कन्सर्ट’: निव्वळ वाद्यांचं वादन, ज्याने मैदानावर पांगलेली माणसं आत येऊन बसतात. जुन्या मेळात कॉर्नेट, क्लॅरिनेट, बासरी, व्हायोलिन, हार्मोनियम, ढोलक, तबला आणि झांजा असत. जानेवारीच्या दवात ढोलक-तबल्याची पानं सैल पडतात, म्हणून वाजवणारे ती अंगाशी धरून कांबळ्यात ठेवतात किंवा आचाऱ्याच्या चुलीजवळ नेऊन शेकतात. फुंकवाद्यांना थंडी वेगळ्या तऱ्हेने बाधते: पितळ गार पडलं की स्वर उतरतो. म्हणून कॉर्नेटवाला आपली पाळी येण्याआधी नुसतीच ऊब फुंकत बसतो. शेजारच्या कीबोर्डला थंडीचं काही देणंघेणं नसतं, त्याचा स्वर असतो तिथेच राहतो, आणि ही दोन वाद्यं एकत्र वाजली की पहिली दहा मिनिटं कानाला खटकतं.

बहुतेक दलांनी हा पेच कॉर्नेटवाल्याला काढूनच सोडवला आहे. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, एक ढोलकवाला, बस्स. कुठे गाणी सरळ आधी ध्वनिमुद्रित केलेली असतात. जात्रेच्या बदलांत आम्हाला सगळ्यात गंभीर वाटतो तो हाच. दिवे, टीव्हीचे चेहरे, मोटरसायकल घेऊन मंचावर येणं, हे सगळं जात्रा पचवते. तिने याआधी हिटलरही पचवला. पण जिवंत मेळ नटाकडे बघून वाजवतो. नट रडताना एक श्वास जास्त थांबला तर ढोलकही थांबतो. टाळी लांबली तर झांज ती टाळी उचलून धरते. मुद्रित संगीतात नटाने यंत्रासाठी थांबायचं किंवा धावायचं. मैदानावर आज प्रेक्षक कसे आहेत याचा त्या यंत्राला पत्ता नसतो.

‘विवेक’ हे पात्र यातून कसं वाचलं ते मुद्दाम बघावं. बंगालीत ‘बिबेक’. राजा पाप करायला निघाला की हा भगव्या किंवा काळ्या वेशात, कधी प्रेक्षकांच्या मधून, गात येतो, राजाच्या मनात चाललेलं बोलून दाखवतो आणि निघून जातो. मंचावरची इतर पात्रं त्याला पाहतच नाहीत असं मानायचं. सामाजिक पालांत हाच विवेक वेडा, भिकारी किंवा बाउल, म्हणजे गात फिरणारा साधू, होऊन येतो. एकेकाळी कोपऱ्यातून उठून नटाच्या वतीने गाणारे ‘जुडी’ गायक पूर्ण गेले, विवेक मात्र राहिला. कारण अगदी व्यवहारी आहे. जुडीला चार माणसांचा पगार लागतो, विवेकाला एका गळ्याचा. शिवाय आत पोशाख बदलायला लागणारी तीन-चार मिनिटं तो भरून काढतो.

खेळ तीन-साडेतीन तासांचा. पूर्वी तो रात्रभर चाले, आता बारा-साडेबाराला संपतो. त्यानंतर दलाचं जेवण: भात, डाळ, बटाट्याची भाजी, अंड्याचा नाहीतर माशाचा रस्सा. नट खेळाआधी पोटभर जेवत नाहीत, म्हणून दलात आचाऱ्याची किंमत नायकाएवढीच.

तिसरा दिवस: बस

या दिवशी बघायला फारसं काही नाही, आणि दलाचे बहुतेक दिवस असेच असतात. रात्री दोनच्या सुमारास पेट्या टपावर चढतात: आधी दिवे-तारा, मग पोशाख, सगळ्यात वर हलक्या वस्तू आणि ताडपत्री. ओले पोशाख पेटीत बंद केले तर दोन दिवसांत जरीवर काळे डाग पडतात. ते बसच्या आत दोरीवर वाळत टाकतात आणि त्यांच्याखाली माणसं झोपतात. ज्येष्ठांना पुढच्या जागा, पोरांना मागच्या. सकाळी पुढच्या गावी शाळेच्या खोल्या किंवा क्लबघर मिळतं. सुट्टी नसेल तर शाळा दहाच्या आत रिकामी करावी लागते आणि झोप अर्धी राहते. आवाज बसतो तो बहुतेक याच कारणाने, गाण्याने नव्हे.

आपण दुपारी कोलकात्याला परतून सियालदाजवळ मुक्काम करावा.

चौथा दिवस: गोसाबा, बोनबिबीचा पाला

सियालदा दक्षिण विभागातून कॅनिंग लोकल, सव्वा तास. कॅनिंगहून सामायिक गाडीने गदखाली, आणि तिथून नदी ओलांडून गोसाबा. पुढे टोटोने, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षाने, पाखिरालय. ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. पाणी उतरलं की घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि गाळ उघडा पडतो, आणि हार्मोनियमची पेटी डोक्यावर घेतलेला माणूसही तिथे सावकाश पाय टाकतो.

इथल्या दलांना गदी नाही की बस नाही. दहा-पंधरा माणसं, दिवसा मासेमारी, खेकडे पकडणं नाहीतर शेतमजुरी, रात्री पाला. कथा ‘बोनबिबी जहुरानामा’ची. हे पुस्तक बंगालीत असूनही त्याची पानं अरबी पुस्तकासारखी उजवीकडून उलटतात. बोनबिबी आणि तिचा भाऊ शाह जंगली अरबस्तानातून ‘अठरा ओहोटींच्या देशात’ येतात. वाघरूपी दक्षिण राय, त्याची आई नारायणी, लढाई आणि तह. मग गरीब विधवेचा मुलगा दुखे: धना काका त्याला मधाच्या मोहिमेवर नेतो आणि होड्या भरून मिळाव्यात म्हणून दक्षिण रायाला देऊन टाकतो. दुखे आईने सांगितल्याप्रमाणे बोनबिबीला हाक मारतो. हिंदू आणि मुसलमान दोघेही जंगलात शिरण्याआधी तिचं नाव घेतात. वाघ दोघांत भेद करत नाही.

गावात पूजेच्या रात्री हा पाला तीन-चार तास चालतो. पर्यटकांच्या निवासात तोच तास-पाऊण तासात होतो, कारण जेवण साडेनऊला असतं. कात्री कुठे लागते ते पाहण्यासारखं आहे. बोनबिबीचा जन्म जातो, नारायणीची लढाई दोन गिरक्यांत उरकते, धनाच्या सौद्याचे संवाद निम्मे होतात. दुखेचा निरोप मात्र कापत नाहीत, आई घराच्या उंबऱ्यात रडते तो प्रसंग पूर्णच होतो. शहरी पाहुणे वाघाच्या मुखवट्याचे फोटो काढतात आणि निरोपाच्या वेळी मोबाइलकडे बघतात. गावात नेमकं उलटं असतं: वाघ आला की पोरं हसतात आणि निरोपाला बायका पदर डोळ्यांना लावतात, कारण जंगलात गेलेला माणूस परत न आलेली घरं त्याच गावात असतात.

लांब पाला पाहायचा तर निवासाच्या व्यवस्थापकाला विचारून उपयोग नाही. घाटावरच्या चहावाल्याला विचारावं की पूजा कुठल्या पाड्यात आहे. काही ठिकाणी पाला संपल्यावर बोनबिबी झालेल्या नटीच्या पाया पडतात, मुकुट उतरेपर्यंत ती देवीच. दशावतारात विष्णूपुढे हात जोडणाऱ्यांना याचं नवल वाटू नये. त्या वेळी फोटो काढू नयेत.

निवासाचे खेळ ऑक्टोबर ते मार्चपर्यंत पैसे देतात आणि त्या पैशांतून नवे पोशाख होतात, हे खरं. तोटा असा की नवी पोरं छोटा पालाच शिकतात. नारायणीचे संवाद पाठ असलेली माणसं जुन्या वह्या धरून आहेत, आणि खाऱ्या हवेत वही फार वर्षं टिकत नाही. शाई पसरते, पानं चिकटतात.

पाचवा दिवस: बागबाजार

परत कोलकाता. बागबाजारच्या फणिभूषण विद्याविनोद जात्रा मंचाला 1968 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवलेल्या नटाचं नाव दिलं आहे. जात्रेतला हा पहिला पुरस्कार. राज्याच्या जात्रा अकादमीचा हिवाळी उत्सव इथे होतो, तिकीट स्वस्त असतं आणि खुर्च्या आरामाच्या. नाट्यगृह बंदिस्त, प्रेक्षक फक्त समोर. तरीही मुरलेले नट सवयीने वाक्य डावीकडे-उजवीकडे वाटत राहतात आणि शेवटची फेक विंगेतल्या दिवेवाल्याला ऐकवून जातात. नंदकुमारचं मैदान आधी पाहिलेलं असेल तरच ते कळतं, म्हणून बागबाजार शेवटी ठेवावं.

पुन्हा यायचं तर आषाढ शुद्ध द्वितीया धरावी. आपल्याकडे पालख्या वाटेवर असतात, आषाढी नऊ दिवसांवर आलेली असते, आणि चितपूरला रथयात्रेच्या मुहूर्तावर नव्या हंगामाचे बायना सुरू होतात. त्या दिवशीच्या बंगाली वर्तमानपत्रांत दलांच्या मोठाल्या जाहिराती येतात: कोणता पाला, कोण नट, कुठली गदी. ते पान कापून ठेवावं, जानेवारीत कुठल्या दलाचा माग काढायचा ते त्यावरून ठरवता येतं.